पहिल्या धारेची टाकी

आमच्या घरी ती गाडी आली त्या दिवशी मामाजींनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवरचं मोठं भोक पाहिलं आणि विचारलं, "हिचं तोंड उघडं काऊन हाय?"

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. आम्ही सौंदडपासून थोडं आत असलेल्या एका गावात राहतो, धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना लागून. शेती मामाजी बघतात, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि नवरा गोंदियाला तांदळाची दलाली करतो. म्हणजे दिवसभर फोनवर बोलतो. पन्नाशी जवळ आल्यावर काही पुरुष देवाकडे वळतात, काही रक्तातल्या साखरेकडे. माझा नवरा गाडीकडे वळला. नागपूरच्या एका डॉक्टरांचा मुलगा परदेशात गेला, त्याची जुनी जपानी गाडी दारात धूळ खात होती, ती यांनी उचलून आणली. निळी, बुटकी, मागे पंख लावलेली. आमच्या गावच्या रस्त्यावर ती बैलगाडीच्याही मागे राहते, कारण बैलगाडीचा खालचा भाग जमिनीला घासत नाही.

बॉनेटवरच्या त्या भोकाचं शास्त्र मला जेवताना तीन वेळा सांगण्यात आलं. गाडीला टर्बो आहे, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. कोंबलेली हवा तापते. ती थंड करायला बॉनेटखाली रेडिएटरसारखी एक जाळी असते, तिचं नाव इंटरकूलर. भोकातून वारा येतो तो त्या जाळीवर. आणि वाऱ्यानेही भागलं नाही तर जाळीवर पाणी फवारायला डिकीत चार लिटरची टाकी, एक छोटी मोटर आणि ड्रायव्हरच्या हाताशी एक बटण. मला हे पहिल्या वेळीच समजलं होतं. पण शिकवणाऱ्या माणसाला मधेच थांबवता येत नाही, हे मला पेशामुळे ठाऊक आहे.

त्या उन्हाळ्यात यांनी ते बटण इतक्या वेळा दाबलं की घरात कुणी शिंकलं तरी मला गाडी सुरू झाली असं वाटायचं. मोठ्या रस्त्याला लागले की फुस्स, ट्रक ओलांडला की फुस्स. मामाजी एकदा शेजारी बसले होते. ते म्हणाले, "धानाले फवारनी कर म्हटलं तं याची कंबर दुखते."

पावसाळ्यात गाडी उभी राहिली. मधेच कधीतरी टाकीचं झाकण तुटलं. नवीन झाकण जपानहून आल्याशिवाय लावायचं नाही असा यांचा बाणा, म्हणून तोवर यांनी टाकीच्या तोंडात माझ्या जुन्या परकराचा सैलसा बोळा खोचला. टाकीत उन्हाळ्यातलं अर्धं पाणी तसंच होतं.

दिवाळी झाली. गावोगाव मंडई, म्हणजे रात्री तमाशा असलेल्या जत्रा भरू लागल्या, धान कापणीला आलं, सकाळी अंगणात शेकोट्या पेटू लागल्या. अशी गाडी असलेल्या लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे, त्यात हे दिवसातून शंभर वेळा डोकावतात. तिथे हिमाचलच्या कुणीतरी लिहिलं की थंडी येते आहे, आपापल्या फवारणीच्या टाक्या तयार करा. पाणी गोठलं की टाकी फुटते, नळी तडकते, मोटर जळते. यांनी ते वाचलं आणि यांचा चेहराच उतरला. संध्याकाळी जेवायला बसल्यावर यांनी जाहीर केलं की टाकी हिवाळ्यासाठी तयार करावी लागेल, नाहीतर बर्फ होईल.

मामाजींनी भाताचा घास खाली ठेवला. "आपल्या गावात बरफ येते ते मासोळीच्या पेटीत," ते म्हणाले. "ते बी बाजाराच्या दिवशी."

यांचं म्हणणं, अंदाज बांधून गाडी चालत नाही, गाडी नियमाने चालते. मी म्हटलं, अंगणातल्या रांजणात पाणी आहे, त्याचा बर्फ झाला की मी तुम्हाला हाक मारीन, मग टाकीचं बघू. यावर मला गाडीतलं काही कळत नाही असं ठरलं.

त्याच आठवड्यात आशाताई, म्हणजे आरोग्य केंद्राच्या आशा कार्यकर्त्या, आल्या. या आमच्या गावातल्याच, माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, आवाज खणखणीत. आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायचा असतो, म्हणजे घरातली पाणी साठवलेली भांडी रिकामी करून घासायची, म्हणजे डास होत नाहीत. त्याची तपासणी त्या करतात. आमचा रांजण पाहिला, गाईचं टाकं पाहिलं, कूलर पाहिला, सगळं कोरडं. मला मनातून शाबासकी हवी होती. तेवढ्यात हे डिकी उघडून टाकीकडे बघत उभे होते, कारण त्या दिवसांत ते सारखेच डिकी उघडून टाकीकडे बघत उभे असायचे. आशाताईंनी विचारलं, त्यात काय आहे? कुणीतरी विचारण्याचीच हे वाट बघत होते. यांनी टर्बोपासून सुरुवात केली.

आशाताईंनी फक्त एक शब्द ऐकला, पाणी. त्यांनी परकराचा बोळा उपसला आणि बॅटरीचा उजेड आत टाकला. मग मला जवळ बोलावलं. टाकीच्या तळाशी अळ्या होत्या. एकदोन नाही, शाळेच्या प्रार्थनेला पोरं उभी राहतात तशा भरपूर, आणि सगळ्या वळवळत होत्या.

"मास्तरीनबाई," आशाताई म्हणाल्या, "गावाले तुमीच शिकवता ना हे?"

मी शाळेत दर वर्षी डासांचं जीवनचक्र फळ्यावर काढते. अंडी, अळी, कोष, डास. माझ्याच घरात ते चारही टप्पे मोटरीसकट तयार होते. तपासणी झाली की भिंतीवर खडूने खूण करायचा नियम आहे. आशाताईंनी थोडा विचार केला आणि भिंत सोडून गाडीच्या डिकीवर खूण केली, तारखेसकट. हे खाली वाकून पुसायला गेले तर म्हणाल्या, पुसायचं नाही, वरचे साहेब बघायला येतात.

दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातल्या एका मुलीने हात वर करून विचारलं की बाई, डास जपानहून आले का?

टाकी रिकामी करणं आता भाग होतं. यांनी अंगणात पाण्याची नळी आणली, एक टोक टाकीत घातलं, दुसरं तोंडात धरलं आणि ओढ घेतली. डिझेल असंच काढतात म्हणे. डिझेल निदान दिसतं तरी. पाणी अपेक्षेपेक्षा लवकर आलं. पुढची पंधरा मिनिटं हे नळाजवळ बसून चुळा भरत होते आणि आत्याबाई शेजारी उभ्या राहून सांगत होत्या की काही होत नाही, अळ्यांना दात नसतात.

टाकी धुतली, मोटर उघडून पुसली, जाळीवर पाणी फवारणारं तोंड सुईने साफ केलं. हे सगळं यांनी खरोखर चांगलं केलं, मनापासून. इथेच थांबले असते तर ही गोष्ट झालीच नसती. पण ग्रुपवर टाकीत काय भरायचं याची कृती आली होती. पाण्यात अल्कोहोल मिसळा, मग ते गोठत नाही, शिवाय त्यात काही जगत नाही. आता दोन शत्रू होते, बर्फ आणि अळ्या, आणि दोघांवर औषध एकच.

हे गोंदियाला गेले. गाड्यांच्या सामानाच्या दुकानात मालकाने हिरवं कूलंट पुढे केलं. हे म्हणाले, ते चिकट असतं, जाळीला बसतं. मालक म्हणाला, "भैया, यहाँ तो लोग रेडिएटर में भी नल का पानी डालते हैं. आप किसकी गाड़ी लाए हो, कलेक्टर की?" मग हे औषधाच्या दुकानात गेले. तिथे जखमेला लावायचं स्पिरिट छोट्या बाटल्यांत होतं. यांनी पंधरा बाटल्या मागितल्या. दुकानदाराने यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं की घरी कुणी समजवणारं आहे का. बिचाऱ्याला वाटलं, हे पितात.

हे घरी येऊन ओसरीवर बसले आणि सगळं सांगितलं. मी वह्या तपासत होते, आत्याबाई सुपात तांदूळ निवडत होत्या, मामाजी दोरी वळत होते. मग मामाजी दोरीवरची नजर न काढता म्हणाले, "मोहाची चालन का?"

मोहाच्या फुलांची दारू आमच्या भागात कुठेही मिळते, म्हणजे कुठेही मिळत नाही आणि कुणाकडेही मिळते. यांना तर हर्ष झाला. विचारू लागले, त्यात अल्कोहोल किती असेल.

"पहिल्या धारेची घ्या लागते," मामाजी म्हणाले. "आगीवर धरली तं निळी जळते. दुसऱ्या धारेची पानचट. ते गोठन मंग."

आत्याबाईंच्या हातातलं सूप थांबलं. माझा लाल पेनही थांबला. कारण मामाजींनी तीस वर्षांपूर्वी गळ्यात माळ घातली होती आणि तेव्हापासून दारूला शिवले नव्हते. हे सगळ्या गावाला माहीत होतं. इतकं माहीत होतं की गोंदियातल्या एका व्यसनमुक्ती मंडळाने पुढच्या रविवारी त्यांचा सत्कार ठेवला होता. पत्रिका आमच्या देवाजवळच ठेवलेली होती.

मामाजी प्यायचे तो काळ माझ्या लग्नाआधीचा. मला त्यातलं एकच माहीत आहे, तेही आत्याबाईंनी एकदा पापड लाटताना सांगितलं म्हणून. एका वर्षी रोवणीच्या दिवशी मजुरी करणाऱ्या बाया सकाळीच बांधीत येऊन उभ्या राहिल्या, आणि मालक शेताच्या बांधावर, धुऱ्यावर आडवे पडलेले. रोपं कुठली आधी लावायची, चिखल झाला की नाही, सांगायला कुणी नाही. बाया हसत होत्या. आत्याबाईंनी नवऱ्याच्या तोंडावर माश्या बसू नयेत म्हणून स्वतःच्या डोक्यावरचा पदर फाडून त्यावर पसरला आणि बांधीत उतरल्या. संध्याकाळपर्यंत सगळी रोवणी त्यांनी उरकली. मामाजी दुपारी कधीतरी उठले आणि त्यांनी धुऱ्यावर बसून ते पाहिलं. माळ त्यानंतर आली, पण लगेच नाही, चार वर्षांनी. "चार वर्सं," आत्याबाई म्हणाल्या होत्या आणि पुढचा पापड लाटायला घेतला होता.

त्यामुळे त्या संध्याकाळी ओसरीवर मी यांना डोळ्यांनी खुणावत होते की नको. पण यांना माझ्या डोळ्यांतलं काही वाचता येत असतं तर ती गाडीच आली नसती. सकाळी मामाजी सायकल घेऊन गेले आणि दुपारी तेलाचा जुना डबा कॅरिअरला बांधून आले. यांनी डब्यात बोट बुडवून वास घेतला. मामाजी म्हणाले, चांगली आहे. यांनी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? मामाजी म्हणाले, "निळी जळली." आत्याबाई स्वयंपाकघरात होत्या. त्या दिवसापासून त्या मामाजींशी बोलेनाशा झाल्या. जेवण वाढायच्या, पाणी ठेवायच्या, बोलायच्या नाहीत. मामाजीही विचारायचे नाहीत.

यांनी मोहाची आणि पाणी असं मापून मिसळलं, जाळी स्वच्छ राहावी म्हणून वर शाम्पूचे चार थेंब टाकले आणि टाकी भरली. तोंडाला नवं झाकण म्हणून लोणच्याच्या बरणीचं झाकण बसलं. ते अगदी घट्ट बसलं. इतके दिवस जपानची वाट पाहिली, आणि झाकण आमच्या फडताळात होतं.

सत्काराच्या रविवारी आम्ही चौघे गाडीतून निघालो. मामाजी पुढे, धुतलेलं धोतर, पांढरी टोपी. मागे आत्याबाई आणि मी. सकाळचे नऊ वाजले होते, वाटेतल्या गोरेगावच्या अलीकडे रस्त्यावर अजून धुकं होतं. आमच्यापुढे धानाने भरलेला एक ट्रॅक्टर होता. यांनी तो ओलांडायला गाडी दामटली, गाडी गुरगुरली, आणि यांनी सवयीने बटण दाबलं.

फुस्स झालं. तापलेल्या जाळीवर पहिल्या धारेची पडली आणि तिची वाफ समोरच्या काचेखालच्या जाळीतून थेट आत आली. मंडईच्या रात्री तमाशाच्या मागे जसा वास असतो तसा वास, फक्त गरम आणि शाम्पूचा. यांनी खिडक्या उघडल्या. मला शिंका आल्या. मामाजींनी डोळे मिटले होते. ते कशासाठी मिटले होते ते मी तेव्हा विचारलं नाही.

आणि पुढच्या वळणावर पोलीस उभे होते. शेजारच्या गावात आदल्या रात्री मंडई होती, सकाळी घरी परतणाऱ्यांना पकडायला दोन आडवी लाकडं टाकून ठेवली होती. यांनी गाडी थांबवली. एक हवालदार खिडकीशी आला, वाकला, आणि वाकल्या वाकल्या तसाच मागे सरकला.

"किती घेतली?" त्याने विचारलं.

हे म्हणाले, मी पीत नाही. हवालदाराने मशीन पुढे केलं. यांनी फुंकलं, काहीच आलं नाही. हवालदाराने मशीन झटकलं, परत फुंकायला लावलं. परत काही नाही. मग त्याने खिडकीत डोकं घालून पुन्हा वास घेतला आणि त्याच्या चेहऱ्यावर दुःख दिसलं, कारण त्याचा स्वतःच्या नाकावर विश्वास होता. हे उतरले आणि टर्बोपासून सुरुवात केली. मी देवाचा धावा केला. यांनी डिकी उघडून टाकी दाखवली, लोणच्याचं झाकण काढून दाखवलं, बटण दाबून दाखवलं. दुसरा हवालदार भोकाजवळ उभा होता, त्याच्या तोंडावर तुषार उडाले.

मोठा हवालदार टाकीत वाकून म्हणाला की ही तर हातभट्टीची आहे, आणि हातभट्टीची वाहून नेणं गुन्हा आहे. हे म्हणाले, पण ती पिण्यालायक नाही, तिच्यात शाम्पू आहे. हवालदाराने बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि रस्त्याच्या कडेला जाऊन थुंकला. मग बराच वेळ वहीकडे पाहत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "गाडीनं दारू पेली, असं लिहायचा रकाना नाही माझ्याजवळ. जा तुमी."

हे गाडीत येऊन बसले. आम्ही सुटलो होतो. तेवढ्यात आत्याबाईंनी मागची काच खाली केली. चार दिवस न बोललेली बाई अगदी शांतपणे बोलली.

"साहेब, यायलेबी फुकू द्या."

त्यांनी बोट मामाजींकडे केलं होतं. हवालदाराला काही कळेना. तो म्हणाला, बाबा तर गाडी चालवत नाहीत. मामाजी वळले नाहीत, समोर बघत म्हणाले की मी काऊन फुकू. आत्याबाई म्हणाल्या, फुका. हवालदाराने गोंधळून मशीन आत धरलं. मामाजींच्या गळ्यातली माळ शर्टाबाहेर आलेली, टोपी सरळ. त्यांनी मशीनकडे पाहिलं आणि हात मांडीवरच ठेवला.

"फुकाचं काम नाही," ते म्हणाले. "पेलो हाव."

हवालदाराने मशीन हळूच बाहेर घेतलं. कुणाच्या घरात चुकून शिरल्यासारखा तो दोन पावलं मागे गेला आणि लाकूड बाजूला करायला स्वतःच धावला.

गाडी सुरू झाली. मामाजींनीच सांगितलं, कुणी न विचारता. भट्टीवर चव घ्यावी लागते म्हणून दोन घोट घेतले. मग वाटेत पुन्हा. मग डब्यातून एक छोटी बाटली भरून खताच्या खोलीत ठेवली, आणि आज सकाळी आंघोळीआधी एक घोट. चार दिवस रोज एक. तीस वर्षांत विसरलो असेन असं वाटलं होतं, पण जीभ काही विसरली नव्हती, असं ते म्हणाले. यांनी खालच्या आवाजात विचारलं, परत फिरवू का गाडी?

"चाल," मामाजी म्हणाले. "लोक वाट पाहून राहिले."

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या बाहेर बघत होत्या. रडत नव्हत्या. मला राग आला, पण कुणावर ते ठरेना. नवऱ्यावर आला, कारण त्याला न पडणाऱ्या बर्फाची भीती वाटली. माझ्यावरही आला. त्या संध्याकाळी मी डोळ्यांनी खुणावलं, तोंडाने बोलले नाही. रोज पस्तीस पोरांवर ओरडणारी बाई मी.

गोंदियातल्या त्या सभागृहाबाहेर मामाजींच्या फोटोचा मोठा फलक लावला होता. फोटो आधार कार्डावरचा होता, मोठा केल्यामुळे ते पकडून आणल्यासारखे दिसत होते. आत शंभरेक माणसं, अर्धी जेवणासाठी आलेली, वासावरून कळत होतं की वांग्याची भाजी आहे. मंडळाच्या अध्यक्षांनी पाऊण तास भाषण केलं. मोह हा शब्द त्यांनी त्यात नऊ वेळा वापरला, षड्रिपूंपैकी एक म्हणून. मी मोजले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मग मामाजींना बोलावलं.

मामाजींनी माईक तोंडापासून लांब धरला, तरी त्यांचा आवाज पोचला.

"तीस वर्सं पेलो नाही, हे खरं हाय. बुधवारी पेलो, हेबी खरं हाय. आज सकारीबी पेलो. माहा सत्कार नोको करा. भाजी होऊन गेली असन तं लोकायले जेवू द्या."

सभागृहात कुणीतरी हसलं, कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग दोन्ही थांबलं. अध्यक्ष उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. असा प्रसंग त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हता. फोटोवाला कॅमेरा रोखून तयार होता. शेवटी अध्यक्ष म्हणाले की हाच खरा प्रामाणिकपणा, आणि त्यांनी शाल मामाजींच्या खांद्यावर टाकलीच. मला वाटतं ती परत करायची सोय नव्हती.

मामाजी व्यासपीठावरून उतरले, सरळ बायांच्या रांगेत आले आणि शाल आत्याबाईंच्या मांडीवर ठेवून तिथेच उभे राहिले. सगळे बघत होते. आत्याबाईंनी शाल दोन बोटांत धरून चोळून पाहिली.

"नायलान हाय," त्या म्हणाल्या. आणि बाजूची खुर्ची रिकामी होती, तिच्यावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. मामाजी तिथे बसले.

आम्ही जेवून परत निघालो. येताना बटणाला कुणी हात लावला नाही.

घरी आल्यावर आत्याबाईंनी साडीही बदलली नाही. मला म्हणाल्या, "बाई, ते टाकीतलं कसं सोडतेत, दाखव." यांना नाही विचारलं, मला विचारलं. मी डिकी उघडली, मोटरीजवळची नळी कशी उपटायची ते दाखवलं. गाडी उकिरड्याच्या बाजूला लावली होती. मी कोंबड्यांना हाकलून दिलं, कारण एका दिवसात प्यायलेले तेवढे पुरे होते. आत्याबाईंनी नळी उपटली आणि पहिल्या धारेची शाम्पूसकट उकिरड्यावर वाहू लागली. हे ओसरीवर उभे होते. काही बोलावं असं यांना वाटत होतं, ते दिसत होतं. बोलले नाहीत. आमच्या लग्नात यांच्या शहाणपणाचे जे मोजके क्षण आहेत त्यांत मी तो धरते.

धार बारीक झाली तेव्हा मामाजी खताच्या खोलीतून आले. हातात बाटली होती, पाऊण रिकामी. "हेबी," ते म्हणाले. आत्याबाईंनी ती घ्यायला हात पुढे केला नाही. मग मामाजींनीच ती उलटी केली आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तशीच धरून ठेवली. 

यांनी टाकी काढून उन्हात दोन दिवस वाळवली आणि कोरडी करून परत बसवली. पाणी नाही, तर गोठायचं काही नाही आणि वळवळायचंही काही नाही, हा शोध यांना तेव्हा लागला. माझ्या माहितीप्रमाणे गावातल्या सर्वांना तो आधीपासून होता.

मळणीचं मशीन त्यानंतर तीन दिवसांनी आलं. खळ्यात एवढी धूळ आणि एवढा आवाज की शेजारच्या माणसाचं ऐकू येत नव्हतं. मामाजी पोती शिवत होते. आत्याबाई सुपाने भूस उडवत होत्या, आणि घरी आल्यापासून त्या मामाजींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. अचानक आत्याबाई सूप टाकून त्यांच्याकडे गेल्या आणि मशीनच्या वर आवाज काढून ओरडल्या की पोत्याचं तोंड असं शिवतात का, निम्मं धान वाटेत सांडेल, इतकी वर्षं झाली, अजून अक्कल नाही. बरंच काही बोलल्या. सगळं मला ऐकू आलं नाही.

मामाजींनी मान खाली घातली आणि टाका उसवून पोतं पुन्हा शिवायला घेतलं.